मिलुतिन इव्कोविच

डॉ. मिलुतिन इव्कोविच (३ मार्च १९०६, बेलग्रेड – २५ मे १९४३, यायिंत्सी, बेलग्रेड) हे युगोस्लाव्हियाचे फुटबॉलपटू, डॉक्टर आणि फॅसिझमविरोधी कार्यकर्ते होते. फुटबॉलरसिकांमध्ये ते मिलुतिनात्स या नावाने ओळखले जात. उजव्या बाजूचे बचावपटू म्हणून ते राष्ट्रीय संघाकडून ३९ सामने खेळले आणि १९३० साली उरुग्वे येथे झालेल्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत त्यांनी युगोस्लाव्हियाचे नेतृत्व केले. त्यांची जडणघडण बेलग्रेडमधील एसके युगोस्लाव्हिया या क्लबमध्ये झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अधिकाऱ्यांनी त्यांना अटक करून गोळ्या घालून ठार केले. त्यानंतर दोनच वर्षांनी त्यांचा क्लबही विसर्जित करण्यात आला. त्या क्लबचे मैदान आणि लाल-पांढरे रंग आज रेड स्टार बेलग्रेड (सर्बियन नाव : त्सर्व्हेना झ्वेझ्दा) या क्लबकडे आहेत. त्यामुळे इव्कोविच यांचे चरित्र हे सर्बियातील सर्वांत प्रसिद्ध जर्सीच्या पूर्वेतिहासाचेही एक प्रकरण ठरते.

पार्श्वभूमी

बेलग्रेडमध्ये फुटबॉलचा चेंडू प्रथम १८९६ साली आला. बर्लिनमध्ये शिकून परतलेल्या हुगो बुली या ज्यू तरुणाने तो सोबत आणला होता. सुरुवातीला हा खेळ ‘सोको’ या व्यायामसंस्थेच्या आश्रयाने खेळला जाई. पुढे १९०३ साली क्रागुयेवात्स येथे शुमादिया हा क्लब स्थापन झाला, तर १९११ साली राजधानीत बेओग्राद्स्की स्पोर्ट क्लब, म्हणजेच बीएसके, अस्तित्वात आला. या दोन्ही क्लबांच्या उभारणीत दानिलो स्तोयानोविच यांचा पुढाकार होता. सर्बियन फुटबॉलचे जनक म्हणून त्यांचा आदराने उल्लेख होतो आणि चिका दाचा, म्हणजे दाचाकाका, या नावाने ते आजही स्मरणात आहेत.

बीएसकेमध्ये लवकरच मतभेद झाले. १९१३ साली स्तोयानोविच आणि त्यांचे काही सहकारी बाहेर पडले आणि त्यांनी व्हेलिका स्र्बिया, म्हणजे महान सर्बिया, या नावाचा नवा क्लब काढला. पहिल्या महायुद्धानंतर सर्ब, क्रोएट व स्लोव्हेन यांचे संयुक्त राज्य निर्माण झाले. बदललेल्या परिस्थितीला अनुसरून १९१९ साली या क्लबने एसके युगोस्लाव्हिया हे नाव धारण केले. राज्याने स्वतः युगोस्लाव्हिया हे नाव अधिकृतपणे स्वीकारले ते १९२९ साली. म्हणजे देशाच्या नावाआधी दहा वर्षे ते नाव एका फुटबॉल क्लबने मिरवले होते.

या फुटीतून बेलग्रेडच्या फुटबॉलमध्ये दोन पक्ष निर्माण झाले. बीएसकेचे खेळाडू निळ्या रंगात खेळत. त्यांना ‘प्लावी’, म्हणजे निळे, म्हणत. एसके युगोस्लाव्हियाचे खेळाडू ‘त्सर्व्हेनी’, म्हणजे लाल, या नावाने ओळखले जात. त्या काळी जर्सीवर खेळाडूचे नाव नसे आणि क्रमांकही नसे. विश्वचषक स्पर्धेत पाठीवर क्रमांक दिसू लागले ते १९५० सालापासून. त्यामुळे प्रेक्षकांपर्यंत क्लबची ओळख पोहोचवण्याचे काम मुख्यतः रंगच करीत असे. कोणता खेळाडू लाल आणि कोणता निळा, यावरून शहरात बाजू ठरत.

क्लब कारकीर्द

इव्कोविच यांचा जन्म बेलग्रेडमध्ये झाला आणि एसके युगोस्लाव्हियाच्या किशोर संघातून ते पुढे आले. १९२२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांचा मुख्य संघात प्रवेश झाला. पुढील सात वर्षे ते लाल जर्सीत खेळले. हाच काळ क्लबच्या सर्वोच्च यशाचा होता. १९२४ आणि १९२५ अशी लागोपाठ दोन वर्षे एसके युगोस्लाव्हियाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. आक्रमणाच्या फळीत द्रागान योवानोविच गोल करीत असताना मागची बाजू सांभाळणाऱ्यांमध्ये विशीही न ओलांडलेले इव्कोविच होते.

त्या काळच्या रचनेत बचावाच्या फळीत केवळ दोन खेळाडू असत. त्यांच्यापुढे तीन मध्यरक्षक आणि सर्वांत पुढे पाच आक्रमक. १९२५ साली ऑफसाइडच्या नियमात महत्त्वाचा बदल झाला. तोपर्यंत आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिस्पर्ध्यांचे किमान तीन खेळाडू असणे आवश्यक होते. नव्या नियमाने ही संख्या दोनवर आणली. परिणामी आक्रमकांना मोकळी जागा मिळाली, गोलांची संख्या वाढली आणि दोघा बचावपटूंवरील भार कमालीचा वाढला. इव्कोविच यांच्या कारकिर्दीचा बहुतांश काळ या बदललेल्या परिस्थितीत गेला.

एप्रिल १९२७ मध्ये क्लबचे स्वतःचे नवे मैदान बेलग्रेडच्या दक्षिण भागात, तोपचिदेर टेकडीच्या परिसरात, खेळासाठी खुले झाले. बीएसकेचे मैदानही तेथून जवळच होते. ही दोन मैदाने आणि त्यांमधील एक किलोमीटरपेक्षाही कमी अंतर यांना बेलग्रेडच्या फुटबॉलच्या इतिहासात पुढे मोठे महत्त्व आले.

कारकिर्दीच्या उत्तरार्धात इव्कोविच बेलग्रेडच्याच बास्क या क्लबकडून खेळले. बास्क हे बेओग्राद्स्की अकादेम्स्की स्पोर्ट क्लब या नावाचे संक्षिप्त रूप आहे. तरीही त्यांचे नाव लोकांच्या मनात एसके युगोस्लाव्हियाशीच जोडलेले राहिले.

राष्ट्रीय संघात

इव्कोविच यांनी राष्ट्रीय संघातील पहिला सामना २८ ऑक्टोबर १९२५ रोजी प्राग येथे चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध खेळला. त्या सामन्यात त्यांच्या संघाला ०–७ असा दारुण पराभव पत्करावा लागला. एकोणीस वर्षांच्या बचावपटूसाठी याहून कठीण प्रारंभ क्वचितच असेल. तथापि त्यांचे संघातील स्थान त्यामुळे डळमळले नाही. पुढील नऊ वर्षे ते संघाचे विश्वासू खेळाडू राहिले.

१९२८ साली ॲम्स्टरडॅम ऑलिंपिक स्पर्धेत ते संघात होते. तेथे २९ मे रोजी पोर्तुगालने युगोस्लाव्हियाला २–१ असे हरवले आणि संघाचे आव्हान पहिल्याच सामन्यात संपुष्टात आले. इव्कोविच यांचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना १६ डिसेंबर १९३४ रोजी पॅरिस येथे फ्रान्सविरुद्ध झाला. तो फ्रान्सने ३–२ असा जिंकला.

राष्ट्रीय संघाची परंपरागत जर्सी निळी होती. क्लबसाठी लाल रंग धारण करणारे इव्कोविच आणि एरवी बीएसकेच्या निळ्या रंगात त्यांच्या विरोधात उभे राहणारे ब्लागोये मार्यानोविच (मोशा) आणि अलेक्सांदार तिर्नानिच हे खेळाडू राष्ट्रीय संघात एकत्र येत.

१९३० ची विश्वचषक स्पर्धा

पहिल्या विश्वचषक स्पर्धेस जाणारा युगोस्लाव्हियाचा संघ देशांतर्गत राजकारणाच्या छायेत निवडला गेला. राष्ट्रीय फुटबॉल संघटनेची स्थापना १९१९ साली झाग्रेब येथे झाली होती. राजे अलेक्सांदार यांनी जानेवारी १९२९ मध्ये हुकूमशाही राजवट जाहीर केल्यानंतर देशाचा कारभार अधिकाधिक बेलग्रेडमध्ये केंद्रित होऊ लागला आणि फुटबॉल संघटनेचे मुख्यालयही तेथे हलवण्यात आले. या निर्णयाच्या निषेधार्थ क्रोएशियन खेळाडूंनी संघावर बहिष्कार घातला. परिणामी संघात सर्बियातील क्लबांचे खेळाडू आणि फ्रान्समध्ये खेळणारे मोजके खेळाडू यांचाच समावेश झाला. प्रशिक्षकपद बोश्को सिमोनोविच यांच्याकडे होते.

उरुग्वेला जाण्यासाठी अटलांटिक महासागर ओलांडणे भाग होते आणि त्यात अनेक आठवडे खर्ची पडणार होते. त्यामुळे युरोपातून फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया असे चारच संघ स्पर्धेस गेले. पहिले तीन संघ ‘कॉन्ते व्हेर्दे’ या जहाजातून निघाले, तर युगोस्लाव्हियाचा संघ मार्सेय बंदरातून ‘फ्लोरिडा’ या टपालवाहू जहाजाने रवाना झाला.

१४ जुलै १९३० रोजी माँतेव्हिदेओ येथे युगोस्लाव्हियाची गाठ ब्राझीलशी पडली. गोलरक्षक मिलोव्हान याक्शिच यांच्यापुढे इव्कोविच आणि द्रागोस्लाव्ह मिहाय्लोविच अशी बचावाची जोडी होती. पहिल्या अर्ध्या तासातच तिर्नानिच आणि इव्हान बेक यांनी प्रत्येकी एक गोल केला. उत्तरार्धात ब्राझीलने एक गोल फेडला. परंतु त्यापुढे बचाव भेदणे त्यांना जमले नाही आणि युगोस्लाव्हियाने सामना २–१ असा जिंकला. १७ जुलै रोजी बोलिव्हियाचा ४–० असा पराभव करून संघ गटात अव्वल ठरला आणि उपांत्य फेरीत पोहोचला.

२७ जुलै रोजी सेंतेनारिओ मैदानावर यजमान उरुग्वेविरुद्ध उपांत्य सामना झाला. सुरुवातीच्या काही मिनिटांतच युगोस्लाव्हियाने गोल करून आघाडी घेतली. त्यानंतर मात्र उरुग्वेने सामन्यावर पूर्ण ताबा मिळवला आणि ६–१ असा विजय संपादन केला. तिसऱ्या क्रमांकासाठी त्या स्पर्धेत सामना झाला नाही. पुढे फिफाने केलेल्या क्रमवारीत अमेरिकेला तिसरे आणि युगोस्लाव्हियाला चौथे स्थान देण्यात आले. देशातील निम्म्या फुटबॉलविश्वाने पाठ फिरवलेली असतानाही इव्कोविच यांच्या नेतृत्वाखालील संघाने हे यश मिळवले, म्हणून सर्बियात त्या संघाविषयी आजही विशेष जिव्हाळा आढळतो.

वैद्यकीय शिक्षण आणि सार्वजनिक कार्य

फुटबॉल खेळत असतानाच इव्कोविच यांनी बेलग्रेड विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत शिक्षण घेतले. ही विद्याशाखा १९२० साली सुरू झाली होती. प्रवास, सराव आणि सामने सांभाळून त्यांनी १९३४ साली पदवी मिळवली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. यापुढील आयुष्यात ते डॉ. इव्कोविच म्हणून ओळखले गेले.

त्यांची राजकीय मते डावी होती. युगोस्लाव्हियात कम्युनिस्ट पक्षावर १९२० च्या दशकाच्या प्रारंभापासूनच बंदी होती. त्यामुळे अशा विचारांशी उघडपणे संबंध ठेवणे धोक्याचे होते. १९३६ चे ऑलिंपिक बर्लिनमध्ये भरवण्याचे जर्मनीत नाझी सत्तेवर येण्यापूर्वीच ठरले होते. त्या स्पर्धेवर बहिष्कार घालावा, यासाठी युगोस्लाव्हियात जी चळवळ उभी राहिली तिच्या अग्रणींमध्ये इव्कोविच होते. स्वतः ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या आणि देशाच्या संघाचे कर्णधारपद भूषवलेल्या व्यक्तीने अशी भूमिका घेणे ही त्या काळी लक्षणीय गोष्ट होती.

पुढे त्यांनी ‘म्लादोस्त’ (तारुण्य) या नियतकालिकाचे संपादन केले. ते तरुण कम्युनिस्टांच्या संघटनेच्या पुढाकाराने सुरू झाले होते. खेळाडू म्हणून मिळालेली लोकप्रियता त्यांनी अशा प्रकारे विचारप्रसाराच्या कामी आणली. त्याचबरोबर पोलिसांच्या नजरेत येण्याचे कारणही तीच ठरली.

जर्मन ताब्यातील बेलग्रेड

६ एप्रिल १९४१ रोजी जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँबवर्षाव केला. त्याच महिन्यात युगोस्लाव्हियाने शरणागती पत्करली आणि देशाचे तुकडे पाडण्यात आले. सर्बिया जर्मन लष्कराच्या ताब्यात गेला. त्या वर्षीच्या जुलैमध्ये बेलग्रेडच्या बान्यित्सा भागातील जुन्या लष्करी बराकींमध्ये छळछावणी उघडण्यात आली. तिच्या उपलब्ध नोंदवह्यांत सुमारे २४ हजार कैद्यांची नावे आढळतात. तेथील अनेक कैद्यांना जवळच्या यायिंत्सी गावातील गोळीबार मैदानावर नेऊन ठार केले जाई.

या परिस्थितीतही शहरात फुटबॉल सुरू होते. युगोस्लाव्हिया हे नाव आता नवीन सत्तेला मान्य नव्हते. त्यामुळे क्लबला आपल्या स्थापनेचे वर्ष नाव म्हणून घ्यावे लागले आणि तो एसके १९१३ या नावाने खेळू लागला. अशा प्रकारे देशाचे नाव दहा वर्षे आधी धारण करणाऱ्या क्लबला देशाबरोबरच ते नाव गमवावे लागले.

इव्कोविच यांच्यावर जर्मन अधिकाऱ्यांची आणि स्थानिक पोलिसांची पाळत होती. तरीही ते शहर सोडून गेले नाहीत. मे १९४३ च्या सुरुवातीस, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते पुन्हा एकदा मैदानात उतरले. हाच त्यांचा अखेरचा सामना ठरला.

अटक आणि मृत्यू

२४ मे १९४३ च्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, त्यांना ताब्यात घेऊन बान्यित्सा छावणीत नेण्यात आले. कम्युनिस्ट कारवायांचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला होता. दुसऱ्याच दिवशी, २५ मे रोजी, यायिंत्सी येथे त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

त्यांची स्वतंत्र कबर नाही. युद्धाचे पारडे फिरू लागल्यावर, १९४३ च्या अखेरीपासून, जर्मनांनी आपल्या कृत्यांचे पुरावे नष्ट करण्यासाठी यायिंत्सी येथे पुरलेली प्रेते उकरून जाळण्याची मोहीम हाती घेतली. त्यामुळे तेथे मारल्या गेलेल्यांच्या वैयक्तिक खुणा उरल्या नाहीत. आज त्या जागी स्मृतिउद्यान आहे.

क्लबचा अंत आणि रंगांचा वारसा

२० ऑक्टोबर १९४४ रोजी बेलग्रेड जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झाले. नव्या कम्युनिस्ट राजवटीने जर्मन ताब्याच्या काळात स्पर्धांमध्ये खेळलेले जुने क्लब १९४५ साली विसर्जित केले. त्यांत एसके युगोस्लाव्हियाचाही समावेश होता. ज्या क्लबच्या सर्वांत नामांकित खेळाडूंपैकी एकाने जर्मनांच्या गोळ्या झेलल्या होत्या, त्याच क्लबवर जर्मन अमलाखाली खेळल्याचा ठपका आला. त्यामागे राजकीय हेतूही होता. जुन्या राजवटीशी जोडलेल्या संस्था बाजूला सारून नव्या विचारांच्या संस्था उभ्या करणे हे सत्ताधाऱ्यांचे धोरण होते.

४ मार्च १९४५ रोजी फॅसिझमविरोधी युवक संघटनेच्या सदस्यांनी रेड स्टार हा नवा क्लब स्थापन केला. एसके युगोस्लाव्हियाचे मैदान, कार्यालये आणि अनेक खेळाडू या क्लबला मिळाले. लाल-पांढरे रंगही त्याने स्वीकारले. लाल आणि पांढऱ्या उभ्या पट्ट्यांची जर्सी हीच पुढे या क्लबची ओळख बनली. नावातील लाल तारा नव्या राजवटीचा होता, परंतु अंगावरील लाल रंग बेलग्रेडच्या प्रेक्षकांना तीस वर्षांपासून परिचित होता. रेड स्टारने १९९१ साली बारी येथे मार्सेय संघाला हरवून युरोपीय चषक जिंकला आणि ही जर्सी जगभर पोहोचली.

जुने मैदान १९५९ च्या अखेरीस पाडण्यात आले. त्याच जागी जमीन खोल खणून बांधलेले नवे मैदान सप्टेंबर १९६३ मध्ये खुले झाले. ‘माराकाना’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या या मैदानाला डिसेंबर २०१४ पासून रेड स्टारचे थोर खेळाडू रायको मितिच यांचे नाव आहे. मितिच हे युद्धकाळात बीएसकेकडून, म्हणजे निळ्या जर्सीत, खेळले होते.

बीएसकेच्या मैदानाचीही अशीच कथा आहे. त्या जागी उभारलेले स्टेडियम १९४९ साली खुले झाले. त्याला युगोस्लाव्ह लोकसेनेचे नाव देण्यात आले आणि ते रेड स्टारचा कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या पार्टिझान या क्लबचे घर बनले.

स्मृती

इव्कोविच यांचे स्मारक लाल-पांढऱ्यांच्या मैदानावर नसून पार्टिझानच्या मैदानाजवळ आहे. १९५१ साली तेथे त्यांच्या नावाचा स्मृतिफलक बसवण्यात आला. मैदानालगतच्या रस्त्यालाही डॉ. मिलुतिन इव्कोविच यांचे नाव आहे. हे मैदान त्यांच्या हयातीत प्रतिस्पर्धी निळ्यांचे होते. म्हणजे लाल जर्सीत मोठा झालेला खेळाडू निळ्यांच्या जुन्या मैदानापाशी स्मरणात राहिला, तर निळ्या जर्सीतून आलेल्या मितिच यांचे नाव लाल क्लबच्या जुन्या मैदानाला मिळाले.

१९३० च्या विश्वचषक संघावर आधारित ‘माँतेव्हिदेओ, बोग ते व्हिदेओ!’ हा द्रागान ब्येलोग्र्लिच दिग्दर्शित सर्बियन चित्रपट २०१० साली प्रदर्शित झाला. त्यात इव्कोविच यांची भूमिका व्हिक्तोर साव्हिच यांनी साकारली आहे. चार वर्षांनी त्याचा पुढील भागही आला. या चित्रपटांमुळे युद्धोत्तर पिढ्यांना फारसे परिचित नसलेले मिलुतिनात्स हे नाव सर्बियात पुन्हा घरोघरी पोहोचले.